तावडे काकांची माटवी

तावडे काका कुणाच्याही दारात आले की बेल वाजवत नाहीत, आधी तोरण चिमटतात. पान दोन बोटांत धरायचं आणि नख रोवायचं. खूण उठली तर मान डोलावून पुढे. नाही उठली तर बेल वाजते, आणि मग आपली खैर नसते.

"ह्या प्लॅस्टिक आसा गो!" जसं काही मी दाराला मेलेला उंदीर टांगलाय.

"काका, ऑफिसातून घरी यायला आठ वाजतात. आंब्याची पानं कुठून आणू?"

"सुकता ता खरा," एवढं बोलून ते शेजारच्या दाराकडे वळतात.

गंमत म्हणजे हा माणूस मानपाड्याच्या कारखान्यात उभा जन्म प्लॅस्टिकच्या बादल्या नि मणी काढून रिटायर झालाय. कुणी तोंडावर म्हटलंच तर उत्तर तयार असतं, "म्हणान तर सांगतंय. मी शिजवलंय ता."

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. मीटिंगला उशिरा पोचले, तोवर बाकीचे नाही म्हणून मोकळे झाले होते. त्यामुळे गणपतीची सजावट, म्हणजे तावडे काका, माझ्या गळ्यात. थर्माकोलचं मखर त्यांनी कधीच हद्दपार केलं. आता गणपतीच्या डोक्यावर माटवी असते. लाकडी चौकट, आणि तिला त्यांच्या कुडाळकडच्या गावासारखी टांगलेली रानफळं, पानं, काकड्या, नारळ. हे सगळं गोळा करायला खडवलीच्या शेतात चिखल तुडवायचा कुणी? मी. काका बांधावरून बोट दाखवणार, "ती न्हय गो, तिच्या मागची फांदी." मग ते बांधत बसणार आणि मी हात वर करून चौकट धरणार. खांद्यांचा पार भुगा होतो हो!

गेल्या वर्षी फांद्यांबरोबर लाल मुंग्याही आल्या. भर आरतीत चेअरमनसाहेबांच्या कॉलरमध्ये उतरल्या. साहेबांनी टाळ सोडून जो नाच केला, तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. हसले नाहीत ते फक्त काका. "मुंगी खोट्या फुलार येता काय?"

झालं. यंदा कमिटीने ठराव केला, माटवी बंद. बाजारातून तयार प्लॅस्टिकची फुलं आणायची, काम खलास. पण काकांना सांगणार कोण? सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. म्हटलं, चला बाई, आलिया भोगासी.

शनिवारी संध्याकाळी गेले. दार उघडंच होतं. काका मोरीजवळ पाटावर बसून परातीत, रिठ्याच्या पाण्यात काहीतरी धूत होते. वाकून बघते तर तोरण! लाल-पांढऱ्या मण्यांचं, मधे हिरवा पोपट. पूर्वी बायका घरोघरी विणायच्या ना, अगदी तस्सं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी चोर सापडला.

"काका! प्लॅस्टिक?"

ते दचकले. तोरण लपवायला हात पुढे झाला आणि तसाच राहिला.

"मालतीन केल्यान," ते म्हणाले. "मणी कंपनीतले, मीच आणलेले."

मालतीकाकूंना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. आम्ही इथे राहायला यायच्या आधीच त्या गेल्या. काकांनी ओलं तोरण माझ्यापुढे धरलं. पोपटाला एकच डोळा होता.

"दुसरो डोळो रवलो. हॉस्पिटलात गेली ती परत इली नाय." त्यांनी पोपटावरून अंगठा फिरवला. "दर वर्षी म्हणतंय, आता टाकूया. पण ह्या मेला सुकणाच नाय."

मी तोरणाचं दुसरं टोक धरलं.

"माटवेक दोन माणसा लागतत गो," ते पाणी निथळवत म्हणाले. "एकान धरूची, एकान बांधूची. गावाक ती धरी. आता तू आसस." मग एकदम आठवल्यासारखं, "तू कित्याक इलस?"

कमिटी, ठराव, चेअरमन, त्यांची कॉलर. गेलं सगळं उडत.

"विचारायला आलेले," मी म्हटलं, "खडवलीला कधी निघायचं?"

"सकाळी लवकर," काका म्हणाले. "आणि जुनी चप्पल घाल. दर वर्षी नवी घालून येतस."