समुद्रघोडा किल्ल्यावरील संकट आणि सूनबाईंच्या गुळाची हकिकत

श्रीस्मृतिदेवी पाठीशी असो. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. जैसे कानी आले तैसे भीत भीत लिहिले. चुकले ते लिहिणाराचे, साधले ते देवीचे.

दिनकरराव महाराजांचे मस्तक हेच एक राज्य, आणि त्यात समुद्रघोड्याच्या आकाराचा किल्ला. नवी खबर, नवे मुख, प्रथम तेथे दाखल होई. किल्लेदार मल्हारजी मोठे इमानी. शेजारच्या प्रांतातून रसायनरूपी जासूद खंदक ओलांडोन येत, आणि निरोप देताच झाडूवाले त्यांस झाडोन नेत, ऐसा रिवाज. मग अल्झायमर नामे गनीम आला. तटाबाहेर चिकट गोळे साचले, आत दोरखंडांचा गुंता जाहला, आणि जासूद थोडके उरले. त्यांसही झाडूवाले निरोप अर्धा असताच नेऊ लागले. मल्हारजी ओरडले, "अरे, त्याला बोलू तरी द्या!"

ऐशा समयी घरात शर्वरीबाई सून होऊन आल्या. पाहुण्यास गूळपाणी द्यावे, हा महाराजांच्या घरचा शिरस्ता. बाई चहा घेऊन गेल्या, तो महाराज उठोन उभे राहिले आणि स्वहस्ते वाटी पुढे करोन बोलिले, "यावे, यावे! कोणाकडे आलात?"

"बाबा, मी शर्वरी. तुमची सून."

"वा, आनंद आहे! गूळ घ्या."

दुसरे दिवशी तेच, आणि तिसरेही दिवशी तेच. सासूबाई हसोन म्हणाल्या, "घे गं. मला लग्नातसुद्धा एवढा मान नव्हता." बाईही हसल्या, परंतु महाराजांनी आपले म्हणावे, ही आस मनी राहिली. तिकडे मल्हारजी तळमळले.

मग वैद्यांनी गोळी दिली. तिने झाडूवाल्यांचा हात आवरला, आणि जासूद चार शब्द अधिक बोलो लागले. गोळे आणि गुंता होते तैसेच राहिले. तेव्हा मल्हारजींनी युक्ती केली, आणि सुनेचे मुख धावत शेजारच्या बदामाच्या आकाराच्या ठाण्यात नेऊन ठेविले, जेथे मायाममता सांभाळतात.

एके सकाळी बाई आल्या, आणि महाराज उठले नाहीत, वाटीही सरकविली नाही. बाई चरकल्या, की आता रिवाजही गेला काय? हळूच पुसिले, "बाबा, आज गूळ नाही?"

महाराज वर्तमानपत्रातून मान न काढता बोलिले, "घरच्यांना कसला गूळ? ठेव चहा आणि बस."

"मग माझं नाव काय?"

"ते तू सांग. तुला ठाऊक असेल की!"

तात्पर्य, नाव किल्ल्यात दाखल जाहले नाही, आणि गनीमही हटला नाही. परंतु त्या सकाळी बदामी ठाण्यावर नौबत झडली, आणि शर्वरीबाईंनी डब्यातील गूळ आपल्या हाताने काढोन खाल्ला. हकिकत इतकीच.