महाराज, मुंगूस आणि लिफ्टचा हिसका

एका जंगलात, बाळांनो, लिफ्ट होती. हसू नका. शेजारच्या जंगलात होती, मग यांना नको?

जंगलाचे राजे वाघमहाराज उंच कड्यावर बसत. खाली प्रजा, वर दरबार, मध्ये लिफ्ट. लिफ्टला दार नव्हतं. दाराची फाइल अजून फिरत होती.

ही लिफ्ट वर पोचली की असा हिसका द्यायची, की आतला प्राणी आधी उडायचा, मग गुडघ्यांवर आपटायचा आणि गडगडत थेट महाराजांच्या पायांशी यायचा.

महाराजांना गहिवरून यायचं. "ऊठ बाळ, ऊठ! केवढी ही भक्ती!" असं म्हणून ते अर्ज न वाचताच मंजूर करत. प्रजा गुडघे चोळत घरी जाई. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग एकदा महाराजांच्या सासूबाई आल्या.

सासूबाई उडाल्या, आपटल्या आणि भर दरबारात जावयाच्या पायांवर पडल्या. महाराज सवयीने म्हणाले, "ऊठ बाळ, ऊठ!"

राणीसाहेबांनी त्या दिवशी महाराजांना जेवायला वाढलं नाही. लगेच मुंगूस मेकॅनिकला बोलावणं गेलं. मुंगूस आपल्या कामात वाघ होता, पण हे दरबारात बोलायची सोय नव्हती.

त्याने लिफ्ट वर-खाली करून पाहिली. म्हणाला, "मोटर अजून जोरात फिरतेय, तोवरच ब्रेक येऊन तिला गचकन धरतो. धावत्याची शेपटी ओढल्यासारखं. पडणार नाही तर काय?"

मोटरचा वेग ठरवणारी एक पेटी असते. तिला ड्राइव्ह म्हणतात. मुंगसाने तिचं सेटिंग बदललं. आधी मोटरने हळूहळू वेग सोडायचा, पूर्ण थांबायचं, आणि मगच ब्रेकने धरायचं. मग तो काठोकाठ भरलेली करवंटी घेऊन वर गेला. थेंबही सांडला नाही. मुंगसाला स्वतःचाच मुका घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी गोजरी नावाची सशीण अर्ज घेऊन आली. गवे तिच्या बिळावरून ये-जा करत. बिळाचं छत खचत चाललं होतं आणि आत तिची पिल्लं होती. गव्यांनी वाट जराशी बदलावी, एवढंच तिचं मागणं.

लिफ्ट अलगद थांबली. सशीण चालत पुढे आली. तिने वाकून नमस्कार केला आणि अर्ज पुढे धरला.

महाराज वाट पाहत राहिले. "झालं?" त्यांनी विचारलं.

"काय, महाराज?"

"काही नाही. प्रजेला ताठा चढलाय, प्रधानजी," महाराज शेजारच्या तरसाला म्हणाले. मग सशिणीला म्हणाले, "अर्ज ठेव. वाचून कळवू."

बाळांनो, 'वाचून कळवू' म्हणजे काय, हे मोठे झालात की कळेल. देव करो आणि न कळो.

सशीण तडक मशीनच्या खोलीत गेली. "मुंगूसदादा, तो हिसका परत दे रे."

"वेडी आहेस का? माझ्या हातून इतकं गोड काम आजवर झालं नव्हतं!"

"तुझं काम गोडच आहे, दादा. पण माझं काम अडलंय. छत आज पडेल की उद्या, सांगता येत नाही."

मुंगसाने ती करवंटी पालथी घातली. मग त्याने पेटी उघडली आणि जुनं सेटिंग लावलं. सासूबाई आल्या की तेवढ्यापुरतं बदलायचं, असं त्याने ठरवलं.

सशीण पुन्हा वर गेली. उडाली, आपटली, गडगडली. महाराजांचे डोळे भरून आले.

"बघा प्रधानजी, सुधारली! ऊठ बाळ, ऊठ! गव्यांना सांगा, वाट बदला."

मशीनच्या खोलीत मुंगसाने तो धप्प आवाज ऐकला आणि त्याला रडू कोसळलं. सशीण लंगडत, हसत पिल्लांकडे गेली.

तात्पर्य : नेहमी ताठ मानेने जगावं. मात्र अर्ज घेऊन वर जायचं असेल, तर लिफ्ट बिघडलेली आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी.