बर्वेकाकांची बोट निघाली

बर्वेकाकांनी बोटीच्या प्रवासाआधी त्या प्रवासाच्या आठ रंगीत तालमी घेतल्या. म्हणजे बोट हॉलंडमधल्या लायडनच्या धक्क्याला करकचून बांधलेली, इंजिन बंद आणि काका सुकाणू धरून जाहीर करणार, "चला, बोडेग्राव्हन आलं. चहा घ्या." आपण चहा घ्यायचा. पाऊण तासाने "उट्रेख्त!" की थालीपीठ. शेजारच्या बोटीवरचा डच म्हातारा स्वतःचं काम सोडून आमच्याकडे बघत बसायचा.

काका झूटरमेरला राहतात, एकटेच. लग्न केलं नाही. वाखनिंगनला शेतकीचं शिकायला आले आणि कॉम्प्युटरात रमले. साठी जवळ आल्यावर ही जुनी लोखंडी बोट घेतली आणि ठरवलं, की वाखनिंगनला पुन्हा एकदा जायचं, पण पाण्यातून. ट्रेनने दोन तास, बोटीने चार दिवस.

तयारीत तीन वर्षं गेली, कारण काकांच्या मते पाणी प्रश्न विचारतं. "दुसरा दोर कुठाय, असं पाणी विचारतं. काय सांगशील? घरी राहिला?" म्हणून दोर चार, टॉर्च पाच, खलबत्ता एक.

"खलबत्त्याचं पाणी कधी विचारणार, काका?"

"पाणी नाही विचारणार. आलं विचारेल," काका अगदी गंभीरपणे म्हणाले.

यादीत एकच गोष्ट कमी होती, ती म्हणजे दुसरा माणूस. वाटेत स्लाऊस लागतात, पाण्याची पातळी बदलणारी मोठाली दारं. तिथे एकाने सुकाणू सांभाळायचं, दुसऱ्याने दोर. काकांनी इथल्या मराठी मंडळात एकूणएकाला विचारलं आणि आपल्या रीतीप्रमाणे एकूणएक जण "नक्की येतो हो!" म्हणाला. मीही म्हणालो. वर गणपतीच्या कार्यक्रमात त्या तालमींची नक्कल करून मी टाळ्या मिळवल्या. पहिल्या रांगेत बसलेले काका सगळ्यांत जास्त हसले. ते आठवलं की अजून मला कानकोंडं होतं.

शेवटी या मे महिन्यात मुहूर्त लागला. दुसरा माणूस मी. आदल्या दिवशी मला त्या चार दिवसांचा कंटाळा आला. सरळ नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. मी मेसेज टाकला, "ईराला ताप आहे. पुढच्या वेळी नक्की!" ईरा माझी मुलगी, वय वर्षं सात, ठणठणीत. काकांचं उत्तर आलं, "पोरीला जप. बोटीचं मी बघतो." मी समजलो, बेत रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी ईराला सायकलवर बसवून पोहण्याच्या क्लासला निघालो. आम्ही आल्फेनला राहतो, काकांच्या वाटेवरच. नेमका आमच्या पुढ्यात नदीवरचा पूल उचलला गेला. फाटक पडलं. पहिल्या रांगेत आम्ही, मागे वीसेक सायकली. पळायला जागा नाही. आणि खालून संथपणे बर्वेकाका आले. बोटीवर एकटेच.

"अरे मंदार!" ते ओरडले. "तुझ्याकडेच येतोय! ईरासाठी मऊ भात केलाय, तापात बरा!"

पुलापलीकडे त्यांनी बोट कडेला घेतली. मी धावत जाऊन दोर धरला, तेवढंच केलं. काका डबा घेऊन उतरले. मऊ भात, तूप, वर मेतकूट. त्यासाठी पहाटे उठले होते म्हणे. ईराच्या खांद्यावर पोहण्याची पिशवी होती, टॉवेल बाहेर लोंबत होता. काकांनी तो पाहिला.

"बाबा, वॉज आय सिक?" ईराने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी आपला उलटा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"कणकण आहे अजून," ते म्हणाले. "मंदार, आज नको हो नेऊस पोहायला. आणि ईराबाई, भात सगळा संपवायचा."

मी दोर सोडला, बोट निघाली. पुढच्या स्लाऊसला दोर कोण धरणार, हे विचारायचंही मला धाडस झालं नाही. "मी येतो" असं म्हणायला आता मला तोंड राहिलं नव्हतं.

ईरा काठावरच्या बाकावर बसून भात खात होती. बोट वळणाआड गेल्यावर मी हळूच तिच्या कपाळाला हात लावला. नदीच्या वाऱ्याने ते गारेगार पडलं होतं.