विहीणबाईंची पिवळी शाल

लोकरीवर पक्का पिवळा रंग कसा चढवावा हे अख्ख्या ठाण्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस मी! रंगाऱ्यांना राग येईल. येऊ दे! मिठाच्या कचेरीतला कारकून रंगातलं काय सांगणार, म्हणून तुम्हीही हसाल. खुशाल हसा! पण आधी सगळं ऐकून घ्या, मग कुठे हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

याची सुरुवात झाली बाळकुमला. भात कापून झालं की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या बाजूला उतरतात, आणि शेतकरी खतासाठी ती आपापल्या शेतात बसवून घेतात. मी मिठागरावर सरकारी कामाला गेलेलो. परतताना बांधावर काळुराम धनगर भेटला. गडी चालत होता, माझ्याशी बोलत होता, मेंढरांना हाका मारत होता, आणि हे सगळं चालू असताना सूतही कातत होता! एका हातात लोकरीचा पुंजका आणि खाली लोंबणारी एवढीशी लाकडी चाती. चाती गरगर फिरतेय आणि पुंजक्यातून धागा निघतोय, निघतोय, निघतच राहतोय!

"काळुराम, आण ती इकडे!" मी म्हटलं.

"रावसाहेब, हे तुमचं काम न्हाई."

"आण म्हणतो ना!"

पहिल्या दिवशी चाती सतरा वेळा पडली. मेंढरंसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. "आवळू नका," काळुराम सांगत होता, "चिमणी धरल्यावानी धरा." आणि चौथ्या दिवशी जमलं हो! बोटांच्या चिमटीतून लोकर अलगद सरकली, पीळ बसला आणि हातभर लांब धागा हवेत उभा राहिला. जाड-बारीक होता, मधे गाठी होत्या, पण माझा होता! बावीस वर्षं कचेरीत कागद खरडले, पण संध्याकाळी हातात काहीतरी उरलंय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. आनंदाने मी चिखलात बसलो.

घरी आलो तर आमच्या सौभाग्यवती, सगुणाबाई, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "मेंढी सोबत आणलीत की काय?"

पण खरं सांगतो, पुढचं सगळं तिनंच शिकवलं. मिशनच्या मडमेकडे आळीतल्या बायका विणकाम शिकायला जात, त्यात ही पण गेलेली. मी जुन्या छत्रीच्या दोन काड्या घासून सुया केल्या आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलो. एक सुलट, एक उलट. एक सुलट, एक उलट! आठ दिवसांत मला असं वेड लागलं की कचेरीत टेबलाखाली माझे गुडघे विणायला लागले. हेडक्लार्क म्हणाले, "कंप सुटलाय का? वैद्याला दाखवा." मी म्हटलं, "सुलट चाललंय, साहेब!"

आणि रंग! रंगाची मजा काय सांगू! पळसाच्या फुलांचा केशरी, बाभळीच्या सालीचा तांबूस, डाळिंबाच्या सालींचा मातकट हिरवा. परसातल्या दोरीवर लडी वाळत घातल्या की येणारे-जाणारे थांबून बघत. एक दिवस आमटीला पळसाची चव लागली, कारण मी पातेलं विचारून घेतलं नव्हतं. त्यानंतर सगुणाने मला वेगळं मडकं आणून दिलं आणि स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला. मी मडकं घेऊन परसात संसार मांडला.

अशात कल्याणहून निरोप आला. आमची एकुलती एक लेक चंद्रभागा तिथे पारनाक्याला दिलेली आहे. तिला पाचवा महिना लागलेला, सातव्यात डोहाळजेवणाला या! सगुणा हसली आणि लगेच डोळे पुसायला लागली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढीच तिची इच्छा. माझीही तीच. लेकीला बघून आठ महिने झालेले, तिची रिकामी जागा रोज पंगतीत खुपायची. पण तिला पाठवायचं की नाही हे ठरवणार कोण? विहीणबाई!

विहिणीचं नाव आवडाबाई. पण त्यांना काही आवडल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. लग्नात आम्ही दिलेल्या शालूचा काठ अरुंद, जिलबी चिवट, आणि सनईवाला तिरळा! अशा बाईला खूष करायचं म्हणजे काय करायचं?

"शाल!" मी ओरडलो. "माझ्या हातची शाल! स्वतः कातलेली, स्वतः रंगवलेली, स्वतः विणलेली! बाईंचं सोवळं कडक, लोकर सोवळ्याला चालते. नेसल्या लुगड्यावर घ्या आणि पूजेला बसा!"

"अहो, साधं खणाचं कापड नेऊ या," सगुणा म्हणाली.

ऐकतोय कोण! काळुरामच्या सव्वाशे मेंढरांत पांढरी फक्त नऊ. त्या नवांची लोकर मिळवली, महिनाभर कातली आणि हळदीत बुडवली. तुरटी घातली, उकळली, सावलीत वाळवली. असा पिवळाधम्मक रंग आला की मी स्वतःच डोळे मिटले! विणून झाल्यावर सगुणाने शाल मानेला लावून बघितली.

"टोचतेय."

"अगं, त्याला ऊब म्हणतात!"

"आणि हा नुसत्या हळदीचा रंग ना? मग हळदीला—"

"हळदीला काय! तुरटी पडलीय त्यात! मरेपर्यंत हलायचा नाही!"

ती काहीतरी सांगत होती. मी शालीची घडी घालत होतो.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही कल्याणला पोचलो. माजघरात फुलांनी सजवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या लुगड्यात आमची चंद्रभागा. मला बघून ती अशी हसली की मी पायातले जोडे काढायचे विसरलो. आवडाबाईंनी ते लगेच दाखवून दिलं. मी जोडे काढले आणि शाल पुढे केली.

"विहीणबाई, ही माझ्या हातची. रंग पक्का. मरेपर्यंत हलायचा नाही!"

आवडाबाईंनी शाल उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. "लोकर आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे सोवळ्यालाही चालेल." आणि तिथल्या तिथे खांद्यावर घेतली!

सगुणाने ती वेळ साधून विचारलं, "मग चंद्रेला उद्या घेऊन जाऊ ना?"

"जेवणं होऊ देत. मग बघू."

बघू! आवडाबाईंच्या तोंडून 'बघू' म्हणजे निम्मा होकार, असं व्याही महिपतराव माझ्या कानात म्हणाले. मी चार पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

जेवणं झाली, ओटी भरली. बायका माजघरात, आम्ही पुरुष ओसरीवर. आवडाबाई पानांचं तबक पुढे घेऊन विडे लावायला बसल्या. चुना त्या दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत, तोंड भाजेल म्हणून. मी ओसरीच्या दारात उभा राहून माझ्या शालीकडे बघत होतो. आणि काय सांगू! दर विड्याला बाईंचा हात खांद्यावर जायचा. कधी मानेपाशी, कधी पाठीवर. एक पान, की शालीवर हात! एक पान, की शालीवर हात! किती प्रेमाने कुरवाळत होत्या! माझा ऊर भरून आला. त्या आनंदात मी तीन विडे एकदम तोंडात कोंबले.

एवढ्यात त्यांची जाऊ गोदूबाई किंचाळली, "जाऊबाई! तुमच्या पाठीवर कोण थुंकलं हो?"

पिवळ्या शालीवर लालभडक डाग! खांद्यावर दोन, मानेपाशी तीन आणि पाठीवर एक लांबलचक ओघळ! आवडाबाईंनी शाल ओढून समोर धरली आणि त्यांचा चेहरा डागांहून लाल झाला.

"माझ्या घरात, माझ्या अंगावर, पानाची पिंक!"

महिपतराव गडबडीने ओसरीवर आले. "सगळ्यांनी तोंडं उघडा!"

आता डोहाळजेवणाचं जेवण झालेलं, विडे वाटलेले. कुणाचं तोंड लाल नसणार? सोळा पुरुष आ वासून ओळीने उभे राहिले, सोळाही जिभा लाल! भटजींची तर दाढीही लाल. महिपतराव एकेकाच्या तोंडात डोकावत माझ्यापाशी आले.

"व्याहीबुवा, तुम्ही दारात उभे होतात ना?"

मला सांगायचं होतं, हो, पण शाल बघायला! पण तोंडात तीन विडे. बोलायला गेलो तर तिथेच पिंक पडली असती. मी नुसती मान हलवली, घाईने गिळायला गेलो आणि जोरदार ठसका लागला. माझा सदरा, महिपतरावांचं उपरणं आणि ओसरीचा खांब, सगळं एका दमात रंगलं.

"बघा!" गोदूबाई म्हणाली. "तिथपर्यंत उडतं त्यांचं!"

"झालं तर मग!" आवडाबाई कडाडल्या. "सून माझी कुठेही जात नाही. बाळंतपण इथेच होईल!"

झोपाळ्यावर चंद्रभागेचे डोळे टचकन भरले, आणि सगुणा तिचा हात घट्ट धरून बसली. माझ्या शालीपायी लेकीचं माहेर तुटत होतं! मी शाल हिसकावली. "डाग आत्ता काढून दाखवतो! नाही काढला तर विणकाम सोडीन!"

परसात विहिरीपाशी धुण्यासाठी चुलीच्या राखेचं पाणी मोठ्या घंगाळात निवळत ठेवलेलं. राखेच्या पाण्याने काय निघत नाही? मी शाल खसकन त्यात दाबली. एक टोक काठावर बाहेर राहिलं, ते राहू दिलं. घासतोय, पिळतोय, वर काढतोय, तर काय!

डाग कुठे दिसेनात. दिसणार कसे? अख्खी शालच लाल झालेली! घंगाळातलं पाणी लाल, माझे हात कोपरापर्यंत लाल!

"अगं बाई गं! रक्त!" गोदूबाई ओरडली आणि खाली बसली. कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी मिरच्या आणायला धावलं. मी लाल शाल धरून उभा, तिच्यातून पाणी निथळतंय. विणकाम सोडायची शपथ सगळ्यांनी ऐकलेली.

तेवढ्यात गर्दीतून सगुणा पुढे आली. एका हातात पानाच्या तबकातली चुन्याची डबी.

"विहीणबाई, जरा तुमची तर्जनी बघू."

"माझी? माझी कशाला?"

"बघू तर खरी."

बोटाच्या टोकाला पांढरा चुना.

"विडे लावताना शाल टोचत होती ना?" सगुणाने हळूच विचारलं.

आवडाबाई मान न वळवता म्हणाल्या, "थोडी."

"थोडी?" झोपाळ्यावरून उठून आलेली चंद्रभागा म्हणाली. "सासूबाई, तुम्ही सारख्या खाजवत होतात!"

कुरवाळत नव्हत्या हो! खाजवत होत्या!

सगुणाने शालीचं काठावर राहिलेलं पिवळं टोक हातात घेतलं, बोटाने चुन्याचा ठिपका लावला आणि ओल्या हाताने चोळला. सगळ्यांच्या देखत ठिपका लाल झाला. "कुंकू कशाचं करतात, विहीणबाई? हळदीचंच ना? तिला चुना लागला की लाल, राखेचं पाणी लागलं की लाल. हे यांना मी घरीच सांगत होते. कुणी थुंकलं नाही की करणी नाही. सुनेच्या डोहाळजेवणाला सासूच्या हाताने हळदीचं कुंकू झालं. याहून चांगला शकुन कुठला!"

आवडाबाई शालीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतः चुन्यात बोट बुडवलं आणि पिवळ्या टोकावर एक रेघ ओढली. लाल! दुसरी ओढली. लाल! आणि मी जे कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. आवडाबाई हसल्या!

"गोदू, बघ गं! ये, तू पण लाव!"

मग काय विचारता! रक्त बघून बसलेली गोदूबाई ताडकन उठली. बायकांची रांग लागली, प्रत्येकीला एक ठिपका लावायचा होता. शेवटी आवडाबाईंनी चंद्रभागेचं बोट धरून तिच्याकडून एक रेघ ओढवून घेतली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"उद्या घेऊन जा हिला," त्या सगुणाला म्हणाल्या. "पण नातू दाखवायला पहिलं मला बोलवायचं. आणि एक अट आहे." पुढचं त्या सगुणाच्या कानात बोलल्या. दोघी मोठ्याने हसल्या. मी विचारलं तर कुणी सांगेना.

दुसऱ्या दिवशी टांग्यात मधे लेक, तिच्या एका बाजूला सगुणा, दुसऱ्या बाजूला मी. माझा आनंद टांग्यात मावत नव्हता! "बघितलंस ना?" मी सगुणाला म्हटलं. "शेवटी माझ्या शालीनेच काम केलं! कसली अट घातली गं त्यांनी?"

सगुणा बाहेर बघायला लागली. चंद्रभागेने पदर तोंडाशी धरला.

"तात्या, रागावणार नाही ना?"

"छे!"

"तुम्ही कातलेलं, रंगवलेलं किंवा विणलेलं काहीही बाळाच्या अंगाला लागू द्यायचं नाही. नाहीतर लगेच परत यायचं."

माझ्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात पिवळ्या लोकरीची, अर्धी विणून झालेली, बाळाच्या डोक्याला घालायची एवढीशी कुंची होती. मी पिशवीचं तोंड हळूच आवळलं.

कुंची मी पुरी केली. डाग पिंकेचा नव्हताच, मग शपथ कसली मोडली! फुकट कशाला घालवायची! कचेरीत माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या असतो, त्याला ती अगदी बेतशीर बसते. तांब्याने अजून एकदाही खाजवलेलं नाही.