वानरांची बंदूक

"मागायचं नाही!" अतुलने एसटीतच भावनाला बजावून ठेवलं. "काय वाट्टेल ते झालं तरी तोंडानं मागायचं नाही. मागितली की वस्तू गेलीच समज!"

"मी कायले मागू? माह्या मावशीचं घर आहे ते," भावना म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या योजना डोळे मिटून ऐकाव्यात, हे तिला कळून चुकलं होतं.

अतुल भंडाऱ्याला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कामाला होता, पण ते आपलं पोटापुरतं. मनाने तो जुने टीव्ही गेम जमवणारा गडी! टीव्हीच्या मागे वायर खोचायची, कॅसेटच्या तोंडात फू फू करायचं आणि रिमोट घेऊन सतरंजीवर बसायचं, ते गेम. घरात भावनाच्या साड्या पलंगाखालच्या पेटीत गेल्या होत्या आणि कपाटात रिमोट नांदत होते. या छंदात मुरल्यावर त्याने एक पद्धत शोधून काढली होती आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. त्याचं म्हणणं असं, की कुणाच्या फळीवर धूळ खात पडलेला गेम 'मला द्या' म्हटलं, की त्या घरातल्या प्रत्येकाला एकदम आपलं बालपण आठवतं! म्हणून हव्या त्या वस्तूकडे ढुंकूनही बघायचं नाही. तिच्या शेजारच्या वस्तूचं कौतुक करायचं. ती मिळाली, की निघता निघता सहज म्हणायचं, "हा डब्बा पण घेऊन जाऊ का जी? उगाच अडगळ तुमच्या घरी."

आता एवढा आटापिटा दिघोरीच्या मावशीकडच्या डब्यासाठी का, तर त्याला कारण होतं. अतुल लहान असताना शेजारच्या कारकुनाकडे टीव्ही गेम होता. त्याला रिमोट कधी कुणी दिला नाही. तो खिडकीच्या गजाला नाक लावून बघायचा. त्यात एक छत्रीवाला माणूस होता. छत्री उघडून तो नदी ओलांडायचा, डोंगरावरून उडी मारायचा, आणि शेवटी एका मोठ्या दारापाशी पोचायचा. एका संध्याकाळी ते दार करकर करत उघडायला लागलं, आणि तेवढ्यात लाइट गेली! पुढच्याच महिन्यात सरकारने जिल्ह्याचे दोन तुकडे केले, शेजारच्यांची गोंदियाला बदली झाली, आणि छत्रीवालाही त्यांच्या सामानात बसून गेला. जिल्हा तुटल्याचं दुःख भंडाऱ्यात पुष्कळांना झालं. अतुलचं दुःख मात्र एवढंच होतं, की दाराच्या आत काय होतं?

मोठा झाला, नोकरी लागली, लग्न झालं, पण ते दार काही मनातून गेलं नाही. शेवटी नागपूरच्या प्रीतम नावाच्या अशाच एका छांदिष्टाकडे छत्रीवाल्याची कॅसेट निघाली. पण प्रीतम पक्का होता. "पैसे नको," तो फोनवर म्हणाला, "एकाच घरातला पूर्ण सेट आणा. डबा, दोन्ही रिमोट आणि सोबतची बंदूक. बंदुकीशिवाय सेट म्हणजे नवरदेवाशिवाय वरात! आणला की कॅसेट तुमची."

असा सेट अतुलने मावशीच्या घरी एका लग्नात पाहिला होता. मावशीचा मुलगा जीवन लहान असताना त्याच्यासाठी मंडईच्या जत्रेतून आणलेला. जीवन आता पुण्याला नोकरीला होता आणि डबा स्वयंपाकघराच्या फळीवर होता.

"जयभीम जवाईबापू! या, या!" मावशीने, लीलाबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं. मावसाजी भैय्यालाल यांनी बाज सरकवून दिली. अतुल बसला, आणि त्याची नजर आपोआप फळीकडे गेली. तिथे तो काळा डबा होता. त्याच्यावर अंड्यांची टोपली होती आणि शेजारी हे एवढं मोठं कोहळं! अतुलने झटकन नजर कोहळ्यावर नेली.

"वा! काय कोहळं आहे जी मावशी! असं कोहळं भंडाऱ्यात पाह्यलंच नाही!"

"घेऊन जा ना मंग!" लीलाबाईंनी कोहळं उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

पद्धत लागू पडली! पण कोहळ्याच्या रिकाम्या जागेवर मावशीने लगेच पाण्याचा पितळी गुंड आणून ठेवला. पुन्हा डबा झाकला. अतुल मागे हटणारा नव्हता.

"अन् हा गुंड! जुनं पितळ आहे, नाही?"

"माह्या सासूचा आहे. आवडला काय? न्या जी!"

"नाही, नाही, मी आपलं..."

"जवाई हात लावल अन् आमी नाई म्हणू? असं होते काय?" मावसाजींनी गुंडही त्याच्यापुढे ठेवला. पितळेच्या भांड्यांसाठी माणसं भंडाऱ्याला येतात; अतुल दिघोरीहून भंडाऱ्याला पितळ घेऊन निघाला होता! भावनाने पदर तोंडाला लावला.

इथवर ठीक होतं. पण शेजारची धुरपता मिरच्या मागायला आली होती. तिने दारातून सगळं पाहिलं आणि जाता जाता गल्लीभर सांगत गेली, की लीलाबाईच्या जवायाले जुन्या वस्तूचा भारी शौक! जावई एका घरचा, मान साऱ्या गल्लीचा. थोड्या वेळात धुरपता स्वतःच फाटकं सूप घेऊन हजर! तिच्यामागून कुणी धान मोजायची पायली आणली, कुणी कंदील. गोपीचंद ढिवराने तर खांद्यावरून मासे धरायचं जुनं जाळं उतरवून अतुलच्या पायाशी टाकलं. "बापाच्या हातचं आहे जी. तुमच्यासारख्या कदरदानाजवळ राहू द्या!"

नाही म्हणावं तर अपमान, हो म्हणावं तर एसटीत जागा नाही. अतुल सगळ्यांना हात जोडत होता आणि ढीग वाढत होता. शेवटी ढिगासाठी जागा करायला म्हणून लीलाबाईंनीच अंड्यांची टोपली उचलली आणि काळा डबा, गुंडाळलेले दोन्ही रिमोट, वायरी, सगळं त्याच्या पिशवीत कोंबलं.

"हे बी न्या. जीवनचं आहे. तो काही विचारत नाई आता."

अतुलच्या मनात लाडू फुटले! मागितलं नाही, बघितलं नाही, आणि डबा पिशवीत! वर त्यात एक कॅसेट अडकलेलीच होती. पिवळी, कोपरे झिजलेली, वरचा कागद कधीच निघून गेलेला. काय आहे हिच्यात, म्हणून त्याने ती ओढून काढली, उलटसुलट पाहिली आणि निवांत बघू म्हणून खिशात घातली. आता राहिली फक्त बंदूक.

तेवढ्यात छपरावर धाडधाड आवाज झाला. "आले रे आले!" मावसाजी ओरडले. छपरावर चढलेल्या वेलाला पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा लागल्या होत्या, आणि वानरांची टोळी त्या खायला उतरली होती. वानरं शेंगा खातात त्याचं काही नाही, पण त्यांच्या एकेका उडीला छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फुटतात. मावसाजींनी दाराआडून काहीतरी ओढलं आणि अंगणात धावले. हात लांब करून नेम धरला. टक्!

एवढाच आवाज. पण टोळी अशी पळाली, की वेल नुसता हलत राहिला!

अतुल बघतच राहिला. वानरांकडे नव्हे. मावसाजींच्या हातात लाल नळीची, काळ्या मुठीची, वायर कापलेली ती बंदूक होती. सेटमधली! आणि इतक्या वर्षांची पद्धत एका क्षणात विसरून तो ओरडला, "मावसाजी! ते बंदूक मले द्या!"

जावयाने आज पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं होतं, आणि मागितलं तेही काय!

मावसाजींनी बंदूक छातीशी धरली. "जवाईबापू, घर मांगा, वावर मांगा. पण हे... पाहा, एका दिवाळीले मी हे बंदूक रोखली, अन् तेवढ्यातच मांगं कोणाचा तरी सुतळी बॉम फुटला. मोठा हुप्प्या छपरावरून घरामांगच्या बोडीच्या पाण्यात पडला! तवापासून ते याच बंदुकीले भेतेत. पोरानातवाले बी सांगून ठेवलं असल त्यायनं. गुलेरनं गोटे मारले, टिन वाजवला, फटाके फोडले. काहीच नाई! फक्त हेच."

"देऊन टाका," लीलाबाई हळूच म्हणाल्या. "जवायानं मांगलं."

"अन् कवेलू?"

मावसाजींचा चेहरा पडला. अतुललाही वाईट वाटलं. पण दार डोळ्यांपुढे करकर करत होतं! त्याला एकदम युक्ती सुचली. अदलाबदलीसाठी त्याच्या पिशवीत नवी कोरी खेळणी असायचीच. त्यातली एक बंदूक त्याने काढली. दिवे लागणारी, सायरन वाजणारी!

"मावसाजी, हे घ्या बदल्यात. तुमची नुसती टक् करते. हे पाहा!" आणि त्याने सायरन वाजवला. धुरपताने कानात बोटं घातली.

"माणसाले समजते जी," मावसाजी म्हणाले. "वानरानं मान्य केलं तर न्या."

म्हणून जावई शिडी लावून छपरावर चढला. गल्ली खाली माना वर करून उभी! वानरं बोडीकाठच्या चिंचेवर बसली होती. अतुलने बंदूक रोखली आणि बटण दाबलं. वीऽऽवूऽऽवीऽऽवूऽऽ! लाल, निळे, हिरवे दिवे!

वानरांनी माना तिरप्या केल्या. एक पिल्लू पुढे आलं. मग त्याची आई आली. मग हळूहळू सगळी टोळी छपरावर येऊन अतुलभोवती गोल करून बसली, जशी मंडईच्या रात्री नाटकाला माणसं बसतात तशी! अतुल जितका सायरन वाजवी, तितकी ती पुढे सरकत.

"भेऊन नाई राहिले जी!" खालून गोपीचंद ओरडला. "आवडून राहिलं त्यायले!"

मोठा हुप्प्या उठला. त्याने अतुलच्या हातातून बंदूक अलगद काढून घेतली, वास घेतला आणि टाकून दिली. मग त्याची नजर अतुलच्या खिशाकडे गेली. खिशातून पिवळं, चौकोनी काहीतरी डोकावत होतं. हुप्प्याने आयुष्यात बिस्किटं खाल्ली होती. त्याने ते उपसलं, दाढेखाली धरलं आणि कडाकड चावलं! चव काही पसंत पडली नाही, तेव्हा चिंचेवर जाऊन त्याने ते बोडीच्या पाण्यात भिरकावलं.

टक्! खालून मावसाजींनी नेम धरला होता. छप्पर रिकामं झालं. अतुल चार पायांवर शिडीपर्यंत आला, आणि येता येता त्याच्या गुडघ्याखाली जेवढे कवेलू फुटले, तेवढे वानरांनी साऱ्या हिवाळ्यात फोडले नव्हते.

खाली आल्यावर मावसाजींनी लाल बंदूक त्याच्यापुढे धरली. जावयाने मागितलं होतं ना! अतुलने बंदुकीकडे पाहिलं, मग छपराकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"राहू द्या मावसाजी," तो म्हणाला. "तुमची तुमच्याजवळच शोभते."

बोलून गेला खरा, पण मग बाजेवर बसला तो तोंड एवढंसं करून. लीलाबाईंनी चहा आणला. "जवाईबापू, खरं सांगा. त्या खेळण्याचं काहून एवढं?"

मग अतुलने सगळं सांगितलं. खिडकी, गज, नदी, डोंगर, छत्रीवाला. लीलाबाई ऐकता ऐकता हसायलाच लागल्या.

"तो छत्रीवाला? निळ्या टोपीचा? अवो, तो आपल्याच पिवळ्या कॅसेटीत होता ना!"

अतुलने चहाचा कप खाली ठेवला. "पिवळ्या?"

"हो! जीवन शाळेत गेला की मी अन् धुरपता दुपारभर तेच खेळत होतो. रोज!"

"मग सांगितलं काहून नाही मावशी?"

"तुमी कुठं विचारलं? तुमी तर कोहळंच पाहून राहिले होते! विचारलं असतं तर टीव्हीले लावून देल्लं असतं."

अतुल उठला तो थेट बोडीकडे. मागे गोपीचंद बापाच्या हातचं जाळं घेऊन धावला. जावई कमरेइतक्या पाण्यात, गोपीचंद जाळं फेकतो आहे, गल्ली काठाच्या पाळीवर, आणि चिंचेवर वानरं! चिखल निघाला, मासे निघाले, धुरपताचा हरवलेला तांब्या निघाला, आणि शेवटी कॅसेट निघाली. दोन तुकड्यांत. अतुलने दोन्ही तुकडे जोडून धरले आणि तरीही सवयीने त्यात फू करून पाहिलं.

"मावशी," ओल्या कपड्यांनी दारात उभा राहून तो म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी खिडकीतल्या पोरासारखा झाला होता, "तुम्ही त्या मोठ्या दारापर्यंत गेल्या होत्या का कधी?"

"रोजच जात होती."

"आत काय होतं?"

"आत?" लीलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना सांगायला जिवावर आलं. "काही नाई जी. दार उघडते अन् छत्रीवाला पुन्हा पयल्या नदीवर. पुन्हा सुरू."

"पुन्हा पहिल्यापासून?"

"हो. म्हणून तर सोडून देल्लं मी."

परतीच्या एसटीत कोहळं, गुंड, सूप, पायली, कंदील आणि दोन रिमोटांचा डबा घेऊन अतुल खिडकीशी बसला. भावनाने त्याचा हात हातात घेतला. "जाऊ द्या. समजलं तर खरं ना, आत काय होतं ते? आता डोक्यातून काढा."

"काढलं," अतुल म्हणाला, आणि खरंच त्याला हलकं वाटत होतं.

एसटी सुरू झाली. तेवढ्यात लीलाबाई खिडकीसोबत धावत आल्या. "जवाईबापू! आठवलं! त्या मोठ्या दाराच्या बाजूले एक लहान दार बी होतं जी! त्यात मात्र मी कधी गेली नाई!"

अतुल ताडकन उठायला लागला. भावनाने शांतपणे कोहळं उचललं आणि त्याच्या मांडीवर ठेवून दिलं.