शंभर ग्रॅमची येळवस

अण्णांचं वजन चौदा दिवसांत चार किलो उतरवणार, असं मी छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा आई हातातलं लाटणं खाली ठेवून हसली. हसू दे! मी बी.एस्सी., रसायनशास्त्र, पहिला वर्ग. अण्णांचं पोट माझ्या दृष्टीनं फक्त एक मोठं चंचुपात्र होतं.

अण्णांची अट साधी होती. "चार किलो उतरव, आन् जा पुण्याला एम.एस्सी. करायला. न्हाय उतरलं, तर हितंच कळंबात बी.एड. कर!"

आहाराचा पहिला टप्पा सर्वांत कडक. भाकरी, भात, साखर, गूळ, सगळं बंद! हा टप्पा दोन आठवडे, मग हळूहळू सूट. घराला लागूनच अण्णांची धान्याची आडत. दिवसभर ज्वारीच्या थप्पीला टेकून बसायचं आणि ताटात अंडी न् पालक! अण्णा पोत्यांकडे असे बघायचे, की पोती लाजून उसवायची.

पहिल्या दिवशी भर दुपारी, उन्हात, नुसत्या बनियनवर अण्णा आडतीतल्या काट्यावर चढले होते. ८८.४ किलो. चौदाव्या दिवशी पहाटे शाल गुंडाळून, कुडकुडत चढले. ८४.५!

"तीन किलो नऊशे," मी वहीत लिहिलं.

"झालं की! शंभर ग्रॅम कोण बघतं?"

"विज्ञान बघतं, अण्णा. कडक टप्पा आणखी एक दिवस!"

"अगं, उद्या येळवस हाय!"

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्याकडे अख्खं गाव शेतात जेवतं. ज्याच्या बांधावरून जाल, तो हाताला धरून बसवतो. त्याची ताकातली ज्वारीची आंबील न पिता उठलात, तर सरळ वैर!

"नुसतं 'नको' म्हणायचं," मी म्हणाले. किती सोपं!

शेतात अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, धुरपदाआत्यानं, आंबिलीचा पहिला तांब्या पुढं केला.

"नको, अक्का."

आत्याचा हात हवेतच थांबला. "बांधाचं भांडण अजून मनात हाय व्हय रं?"

"न्हाय गं! पोरीनं सांगितलंय."

आत्या माझ्याकडं वळली. मी कर्बोदकं समजावू लागले. दुसऱ्याच वाक्याला तिनं डोळ्याला पदर लावला. "खरं सांग गं, माझ्या भावाला काय झालंय?"

शेजारच्या शेतातला बालाजी हे ऐकून पळाला. बातमी तिसऱ्या शेतात पोचेपर्यंत अण्णांना सलाईन लागलं होतं, पाचव्या शेतात लातूरला हलवलं होतं! तासाभरात नळदुर्गहून अण्णांच्या चुलतभावाचा, रणधीरकाकांचा फोन आला. "गाडी काढलीय. उत्तरेश्वर... बोलतो का अजून?"

फोन उत्तरेश्वरनं, म्हणजे खुद्द अण्णांनीच उचलला होता!

इकडं आत्या ताट सारून बसली. "ह्यो जेवल्याबिगर मी घास घेणार न्हाय." तिच्यामागं अकरा माणसं उपाशी. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी विहिरीकडं बघायला लागले.

अण्णांनी तांब्या उचलला.

आणि मग माणूस धडधाकट आहे हे पटवायला प्रत्येक शेतात जावं लागलं! सात शेतं, एकोणीस पेले आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, खीर. मोजलं मी. सवय!

दुसऱ्या दिवशी पहाटे काटा म्हणाला, ८७.१.

"हे नुसतं पाणी आहे, अण्णा! पिष्टमय खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं..."

"ते बी.एड.च्या फॉर्मवर लिही."

माझे डोळे भरून आले. अण्णांनी काट्यावरून उतरून शाल काढली, स्वेटर काढला, कानटोपी काढली आणि सगळं तिथंच काट्यावर टाकलं. काट्यावर आकडा उमटला. १.३.

अण्णा आकड्याकडं बघत राहिले. मग माझ्या वहीकडं. मग माझ्याकडं.

"परवा हे सगळं माझ्या अंगावर व्हतं का गं?"

"...होतं."

"आन् पहिल्या दिवशी?"

"...बनियन."

"म्हंजे परवाच पाच किलोच्या वर उतरलं व्हतं! अगं, हमालसुद्धा पोत्याचं वजन वजा केल्याबिगर धान्य मोजत न्हाय!"

आई लाटण्यासकट बाहेर येऊन पुन्हा हसली. या वेळी मी वहीतलं 'तीन किलो नऊशे' खोडलं.

अण्णांनी शाल परत गुंडाळली. "जा पुण्याला, शब्द म्हंजे शब्द. पण तिथं कुणी विचारलं, तर बाप आडत्या हाय म्हणून सांगू नको!"