पाणी ओट्यावरच

दत्तूअण्णांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळायचं, पण ओट्यावर. हातात तांब्या घेऊन कोणी उंबरा ओलांडला की अण्णा ओरडायचे, "ए, माणूस आत, पाणी भाईर!" सोयरे आले तरी हेच. ओट्यावर प्यायचं, पाय फडक्याला पुसायचे, मग आत. सिरसाळ्यात असा पाहुणचार कोणी पाहिला नव्हता.

कारण आत लॅमिनेटची फरशी होती.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर अण्णांनी ती जुन्या शहाबादीवर बसवून घेतली. मी त्यांचा शेजारी, निवृत्त शिक्षक. मलाच त्यांनी समोर बसवून शिकवलं. "मास्तर, हे लाकूड न्हाई. भुसा दाबून केलेली फळी. वर लाकडाचा फोटू, फोटूवर काचंवानी थर. ओरखडा सोसती, पाणी सोसत न्हाई."

बसवण्याआधी दोन दिवस फळ्यांचे खोके खोलीत नुसते आडवे ठेवले. "घराची हवा लागू द्या त्यांना." आणि स्वतः शेजारी सतरंजी टाकून झोपले, मुक्कामी पाहुण्यांना सोबत करावी तसे. भिंतीलगत बोटभर फट सोडायला लावली. "उन्हाळ्यात फुगती. तिला बी दम घ्यायला जागा पायजे."

"एवढं कशापायी, अण्णा?"

"पायाला गार लागत न्हाई."

मला वाटायचं, स्वतःच्याच पायांचं बोलतायत. त्यांच्या पत्नी भागीरथीवहिनींना अर्धांगवायू झालेला. डावा पाय ओढत त्या पलंगापासून दारापर्यंत अनवाणी यायच्या, हे मी रोज बघत होतो. तरी डोक्यात काही शिरलं नाही. माझ्या व्याह्यांसमोर अण्णांनी मला दोनदा पाय पुसायला लावले, ते मात्र पक्कं लक्षात राहिलं.

वहिनी गेल्या. मंडळी त्यांना घेऊन निघाली. गुडघ्यामुळे मी मागे राहिलो. प्रेत हललं की आमच्याकडे घर धुतात. बायका बादल्या घेऊन दारातच थबकल्या.

"मास्तर, हेच्यावर टाकायचं का?"

मला सगळा धडा पाठ होता. तरी "रीत हाय ती" म्हणालो आणि पहिली बादली मीच ओतली. मग दुसरी. खरं सांगतो, ओतताना मला बरं वाटलं. त्या घरात, त्या दिवशी!

बायकांनी पुसून काढलं, पंख्याखाली वरवर सुकलंही. अण्णांना मी सांगितलं, "ओटा-अंगण धुतलं. आत नुसतं फडकं फिरवलं."

पंधरा दिवसांत फळ्यांच्या कडा खवल्यांसारख्या उभ्या राहिल्या. पारावर पोरं हसायची, "अण्णाचा फोटू फुगला बे!" अण्णा परळीला जाऊन दुकानदाराशी भांडले, घरात थेंब पडला नाही म्हणून शपथा घेतल्या. त्यानं त्यांना चारचौघांत खोटारडं ठरवलं. मी गावभर सांगत राहिलो, "मालच हलका होता."

परवा, दोन वर्षांनी, हिय्या करून गेलो. ओट्यावर पाणी प्यालो, पाय पुसले, आत बसलो. कुठून सुरुवात करावी सुचेना, म्हणून म्हणालो, "अण्णा, ह्या फळ्या अजून काढल्या कशा नाहीत?"

अण्णा खालीच बघत होते. "कशा काढू? तिच्या तोंडचं शेवटचं पाणी हाय ह्यांच्यात. दुकानदाराशी मीच खोटं बोललो, मास्तर. तिला शेवटचं पाणी पाजताना माझा हात हालला. घोटभर खाली सांडलं. पुसायचं सुचलंच न्हाई. तेवढ्यानंच झालं हे."

दोन वर्षं हा माणूस एका घोटाचा हिशोब लावत बसला होता. मग मी सगळं सांगून टाकलं.

"दोन बादल्या?"

"दोन."

"तुमाला तर सगळं शिकवलं होतं की हो!" अण्णांचा आवाज चिरकला. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील. पण ते पलंगाच्या कडेवर टेकले. बराच वेळ त्या वर आलेल्या फळ्यांवरून पाय फिरवत राहिले.

"म्हंजी तिच्या तोंडचं पाणी न्हाई ते," ते हळूच म्हणाले.

मग उठले, ओट्यावर गेले आणि तांब्या घेऊन उंबरा ओलांडून आत आले.

"घ्या, मास्तर. हितंच बसून प्या."